पुण्यातून 'मित्र' तारा कसा पाहायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

पुण्यातून मित्र तारा दिसतच नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. दिसतो. दरवर्षी दिसतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. लागतं ते दक्षिणेचं मोकळं क्षितिज आणि घड्याळाकडे नीट लक्ष. या दोन गोष्टी न जुळल्यामुळे माणसं उगाच रात्री जागतात, कंटाळतात आणि नाद सोडून देतात. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

ज्यांनी नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात: मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा. रात्रीच्या आकाशात व्याध आणि अगस्त्य यांच्यानंतर तेजात याचाच नंबर लागतो. डोळ्यांना तो एकच दिसतो, पण तिथे तारे तीन आहेत. अल्फा सेंटॉरी 'ए' हा जवळपास आपल्या सूर्यासारखाच पिवळा तारा. 'बी' थोडा लहान, थोडा नारिंगी. हे दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पुरी करतात. तिसरा प्रॉक्सिमा, मंद आणि लाल, या जोडीपासून बराच लांब. तो आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्य सोडला तर त्याच्याहून जवळचा तारा आपल्याला माहीत नाही. उरलेले दोघे सुमारे ४.३७ प्रकाशवर्षांवर. म्हणजे आज रात्री तुम्ही मित्राचा जो प्रकाश पाहाल तो साधारण चार वर्षं साडेचार महिन्यांपूर्वी निघालेला असेल. इतक्या जवळचा दुसरा तारा पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून याच्यासाठी एक रात्र जागायला माझी कधीच ना नसते.

१. आधी हिशेब करा: तो किती वर येतो?

ही पायरी वगळू नका. पुढचं सगळं इथेच ठरतं.

पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश उत्तर. मित्र खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं की होणाऱ्या रेषेच्या) ६०.८ अंश दक्षिणेला आहे. ९० मधून हे दोन्ही आकडे वजा करा: ९० − १८.५ − ६०.८ = १०.७. पुण्यातून मित्र जास्तीत जास्त पावणेअकरा अंश वर येतो, त्यापुढे नाही. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिजावर मूठ टेकवा. मित्र तिच्या वरच्या कडेला असणार.

हाच हिशेब तुमच्या गावासाठी करून बघा. साताऱ्यात तो पाऊण अंशाने वर असतो, कोल्हापुरात पावणेदोन अंशाने, जुन्नरला पुण्याहूनही खाली. कमी वाटतं, पण क्षितिजालगत एकेक अंश महत्त्वाचा असतो.

मित्र उगवल्यापासून मावळेपर्यंत सुमारे सात तास क्षितिजावर असतो. त्यातले सात अंशांच्या वरचे तास जेमतेम चार: सर्वांत उंच येण्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन. त्याबाहेर तो धुळीत आणि धुरक्यात विरलेला असतो, तिकडे बघत बसण्यात अर्थ नाही.

२. महिना आणि वेळ ठरवा

मित्र नेमका दक्षिणेला, सर्वांत उंच कधी असतो, याच्या पुण्यासाठीच्या वेळा (पाच-सात मिनिटं इकडेतिकडे):

- १५ फेब्रुवारी: पहाटे ५:३५
- १ मार्च: पहाटे ४:४०
- १५ मार्च: पहाटे ३:४५
- १ एप्रिल: रात्री २:४०
- १५ एप्रिल: रात्री १:४५
- १ मे: रात्री १२:४०
- १५ मे: रात्री ११:४०
- ३१ मे: रात्री १०:४०

मधल्या तारखांसाठी रोज चार मिनिटं अलीकडे या. इथे एक फसगत ठरलेली आहे: '१ मे, रात्री १२:४०' म्हणजे ३० एप्रिलला जेवून निघायचं. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे लक्षात न राहिल्याने एक दिवस उशिरा जाणारे बरेच भेटतात. एका दिवसाने ताऱ्याला फरक पडत नाही, पण मित्रमंडळींना वेगवेगळ्या रात्री बोलावून ठेवलेलं असतं.

महिना कोणता निवडावा? पहाटे उठणाऱ्यांनी मार्च. हवा त्यातल्या त्यात स्थिर असते आणि अर्धं शहर झोपलेलं असल्याने दिवेही कमी. मुलांना घेऊन जायचं असेल तर मे, कारण शाळेला सुट्टी आणि वेळ सोयीची. मेमध्ये धूळ फार असते, हे खरं. त्यावर उपाय वळीव. संध्याकाळी चांगला वळीव कोसळला आणि दहापर्यंत आभाळ मोकळं झालं, तर ती रात्र वाया घालवू नका. धूळ खाली बसलेली असते आणि क्षितिजापर्यंत तारे दिसतात. माझ्या मते पुण्यातून मित्र पाहायला याहून चांगली रात्र नाही. अडचण एवढीच की ती आधी ठरवता येत नाही, म्हणून मेमध्ये सामान पिशवीत भरूनच ठेवा.

चंद्र बघून घ्या. कालनिर्णयात अमावास्येच्या मागचे-पुढचे पाच-सहा दिवस निवडा. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेपाशी असतो, वैशाखीला विशाखेपाशी. म्हणजे दोन्ही वेळा तो मित्राच्या वरच्याच भागात ठाण मांडून बसलेला असतो. त्या रात्री टाळाच.

जूनचा पहिला आठवडा सरला की ढग आले. मग पुढच्या फेब्रुवारीची पहाट.

३. जागा निवडा

नवखे इथेच सर्वांत जास्त चुकतात. आकाशदर्शन म्हटलं की माणूस फक्त 'अंधार' शोधतो. मित्रासाठी अंधार हवाच, पण तो दक्षिणेला हवा. शहराच्या उत्तरेला, राजगुरुनगर किंवा जुन्नरच्या बाजूला गेलात तर डोक्यावर सुंदर आकाश मिळेल आणि दक्षिण क्षितिजावर पुणे-पिंपरी-चिंचवडचा सगळा उजेड पसरलेला असेल. मित्र नेमका त्या उजेडात. तेव्हा शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे उजेड पाठीमागे राहील: सासवड-जेजुरीची बाजू, नसरापूर, भोर, नीरा.

दुसरी गोष्ट, डोंगर. कात्रज-सिंहगडाची रांग शहराच्या दक्षिणेलाच आहे. ती किती आड येते हे तुम्ही तिच्यापासून किती लांब आहात यावर ठरतं. चारशे मीटर उंचीचा डोंगर दोन किलोमीटरवर असेल तर तो ११ अंश आकाश खातो, म्हणजे मित्र गेलाच. तोच डोंगर आठ किलोमीटरवर असेल तर तीन अंशसुद्धा खात नाही. म्हणून आंबेगाव, कात्रज किंवा धायरीत डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला गच्चीतून मित्र मिळणं कठीण आहे, पण कोथरूड किंवा औंधच्या उंच गच्चीतून मिळू शकतो. इमारतींचं गणितही तसंच: दोनशे मीटरवरची बारा मजली इमारत साधारण १० अंश अडवते.

गच्चीतून पाहणार असाल तर सोसायटीच्या सचिवांना आधी सांगून ठेवा आणि किल्ली दुपारीच घेऊन ठेवा. रात्री बारा वाजता वॉचमनला उठवून किल्ली मागणं कोणालाच आवडत नाही.

बाहेर जाणार असाल तर ओळखीच्या माणसाचं शेत किंवा घर सर्वांत उत्तम. किल्ल्यांवर रात्री थांबायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, तेव्हा वनखात्याकडे किंवा ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय बेत करू नका. घाटातल्या वळणांवर, निर्जन पठारांवर दोघा-तिघांनीही थांबू नका. पाच-सहा जण, दोन गाड्या आणि घरी कुठे आहोत हे सांगून ठेवलेलं, असंच जा. अनोळखी वस्तीजवळ थांबायची वेळ आली तर पहिल्या घरी जाऊन सरळ सांगायचं, "काका, तारे बघायला आलोय, इथं दोन तास थांबलो तर चालेल का?" बहुतेक वेळा काका स्वतःही बघायला येतात. न विचारता अंधारात बॅटऱ्या फिरवत बसलात, तर गाव गोळा होतं आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

स्वतःची सोय नसेल तर टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन या. १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था पुण्यात आहे. अनुभवी माणसांबरोबर पहिल्यांदा पाहिलं की पुढे आपलं आपल्याला जमतं.

४. दिवसाउजेडी क्षितिज तपासा

जागा ठरली की तिथे एकदा उजेडी जा. दक्षिण नक्की करा. फोनमधलं होकायंत्र चालेल, पण ते लोखंडी रेलिंग, पाण्याची टाकी आणि गाडी यांच्यापासून लांब धरा. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घ्या. सावलीवरून दिशा काढायची जुनी रीत मार्चपर्यंत ठीक आहे. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावलीच उरत नाही, तेव्हा ती रीत उपयोगाची नाही. रात्री तपासायचं तर ध्रुवतारा शोधून त्याच्याकडे पाठ करा.

आता उंची मोजा. मुलांच्या कंपास पेटीतला कोनमापक घ्या, मधल्या भोकातून दोरा ओवा, दोऱ्याला एक नट बांधा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून समोरच्या इमारतीचा माथा बघा. दोरा ९० पासून जितका सरकला तितके अंश ती इमारत उंच. वारा असेल तर दोरा हलतो, तेव्हा नट जरा जड घ्या आणि आकडा दुसऱ्या माणसाला वाचायला सांगा. दक्षिणेकडचा आकडा सहाच्या आत आला तर जागा पक्की. आठच्या वर आला तर दुसरी शोधा.

५. काय काय न्यायचं

- दुर्बीण असेल तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर). नसली तरी चालेल.
- बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर दुहेरी लावून. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं जातात.
- तारे दाखवणारं अ‍ॅप, स्टेलॅरियमसारखं. त्यात स्थान पुणे टाकलंय ना ते बघा आणि लाल पडद्याची सोय चालू करा.
- ओळखपत्र, वाहन परवाना, गाडीची कागदपत्रं. रात्री नाकाबंदी असते.
- बंद बूट आणि जाड सतरंजी. उन्हाळ्यात विंचू आणि साप रात्रीच बाहेर पडतात.
- पाणी, चहा, पहाटेसाठी एखादी शाल.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात लहान मुलांना एकटं फिरू देऊ नका. सासवड-भोरकडेही स्थानिकांना हे आधी विचारा.

६. आकाशातली वाट

ठरलेल्या वेळेच्या अडीच तास आधी पोहोचा. मित्राची वाट त्रिशंकू (सदर्न क्रॉस) या तारकासमूहावरून जाते आणि त्रिशंकू मित्राच्या दोन तास दहा मिनिटं आधी दक्षिणेला येतो.

उत्तरेकडून सुरुवात करा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवला की नारिंगी स्वाती लागतो. आणखी पुढे गेलात की पांढरीशुभ्र चित्रा. चित्रेच्या उजवीकडे चार ताऱ्यांचा छोटा, वाकडा चौकोन दिसेल, तो हस्त. हस्तापासून सरळ खाली, क्षितिजाकडे नजर नेत जा. बराच वेळ मोठं काही लागणार नाही. घाबरू नका, खाली जात राहा. क्षितिजाच्या जवळ चार ताऱ्यांचा पतंगासारखा आकार उभा दिसेल. हा त्रिशंकू. वरचा तारा जरा तांबूस, १४ अंशांवर. तळाचा सर्वांत तेजस्वी, जेमतेम सव्वाआठ अंशांवर. हा तळाचा तारासुद्धा अनेक ताऱ्यांचा मिळून झालेला आहे. चांगल्या रात्री लहान दुर्बिणीतून त्याचे दोन होतात.

आता त्रिशंकूच्या डावीकडे बघा. आधी मित्रक, म्हणजे नरतुरंगातलाच दुसरा तेजस्वी तारा बीटा सेंटॉरी, दिसेल. त्याच्याही डावीकडे, जरा खाली, मित्र. त्रिशंकू ताठ उभा असताना मित्र साडेसहा अंशांवरच असतो, म्हणून धुरक्यात दिसला नाही तरी निराश होऊ नका. बसा, चहा घ्या. पुढच्या दोन तासांत त्रिशंकू उजवीकडे कलत जातो आणि मित्र वर येत राहतो.

मधल्या वेळात चित्रेच्या बरोबर खाली, २४ अंशांवर, द्विनेत्री फिरवा. धुरकट गोल ठिपका दिसला तर तो ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर. मित्र आणि हा गुच्छ एकाच नरतुरंगात दिसतात, पण अंतरात चार हजार पटींचा फरक आहे.

७. ओळख पटवा, फसू नका

मित्र सर्वांत उंच असतो त्या वेळी मित्र आणि मित्रक जवळपास सारख्याच उंचीवर, आडव्या रेषेत येतात. हात लांब केला की मधली तीन बोटं त्यांच्यामध्ये जेमतेम बसतात. डावीकडचा मित्र, उजवीकडचा मित्रक, त्याच्याही उजवीकडे मावळतीला झुकलेला त्रिशंकू. हे तिन्ही जुळलं तरच 'सापडला' म्हणा.

शेजारी दिसतात म्हणून दोघांना जोडीदार समजू नका. मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर आहे, मित्राच्या जवळजवळ नव्वद पट लांब. तरीही तो फारसा मंद दिसत नाही, यावरून तो मुळात किती प्रखर असेल ते बघा.

पहिली फसगत तेजाची. 'आकाशातला तिसरा तेजस्वी तारा' वाचून माणूस व्याधासारखं काहीतरी झगझगीत शोधतो. दहा अंशांवरून येणारा प्रकाश हवेच्या पाचपट जाड थरातून येतो आणि त्यात पुष्कळ गळतो. पुण्यातून मित्र एखाद्या साध्या तेजस्वी ताऱ्यासारखा, पिवळट आणि मेच्या धुळीत तर चक्क मंद दिसतो. तो जोरजोरात लुकलुकतो, मधूनच लाल-हिरवा चमकतो. त्याला विमान समजून सोडून देणारे पाहिलेत मी. विमान दोन मिनिटांत जागा सोडतं. हा सोडत नाही. मोबाइल टॉवरचा दिवाही जागा सोडत नाही, पण त्याचा रंग बदलत नाही आणि अर्ध्या तासाने तो तिथेच असतो, तर तारा उजवीकडे सरकलेला असतो.

दुसरी, खोटा त्रिशंकू. अशीच पतंगासारखी मांडणी असलेले चार तारे खऱ्या त्रिशंकूच्या उजवीकडे, आणखी पश्चिमेला आहेत. आकार मोठा, तारे मंद आणि त्याच्या डावीकडे मित्र-मित्रकाची जोडी नाही. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी हमखास हाच दाखवला जातो.

तिसरी, अगस्त्य. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला दक्षिणेला जो ठळक तारा दिसतो तो अगस्त्य. मित्र तेव्हा उगवलेलाही नसतो.

८. दुर्बिणीतून दोन वेगळे करा

हा तारा जोडतारा आहे, ही नोंद भारतातच झाली. डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरीत झाँ रिशो हे फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत होते, तेव्हा त्यांना मित्राच्या जागी दोन तारे दिसले. पाँडिचेरीतून तो १७ अंशांपर्यंत चढतो, त्यांचं काम तेवढं सोपं होतं. पुढे थॉमस हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेत केप ऑफ गुड होप इथे १८३२-३३ मध्ये केलेल्या मोजमापांवरून त्याचं अंतर काढलं आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. ताऱ्यांची अंतरं मोजता आली त्या अगदी पहिल्या काही ताऱ्यांपैकी हा एक.

आपल्यासाठी सध्याची वर्षं चांगली आहेत. 'ए' आणि 'बी' २०१६ मध्ये आपल्याला एकमेकांपासून फक्त ४ विकलांवर दिसत होते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तेव्हापासून ते फाकत चाललेत आणि या दशकाच्या शेवटी १० विकलांच्या आसपास असतील. द्विनेत्रीतून ते सुटे होत नाहीत. ६० ते ८० मिलिमीटरची साधी दुर्बीण, ८०-१०० पट वर्धन आणि स्थिर हवा असेल तर होतात.

दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा. सिमेंटच्या गच्चीपेक्षा मातीवर किंवा गवतावर मांडा, कारण दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडते आणि चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. तारा क्षितिजालगत असल्याने हवाच काचेच्या त्रिकोणी लोलकासारखं काम करते: एका कडेला निळा, दुसऱ्या कडेला लाल रंग फुटलेला दिसतो. दुर्बीण बिघडली समजून नळीशी खटाटोप करू नका. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, डोळा ठेवून थांबून राहा. मधूनच एखाद-दुसरा सेकंद हवा थांबते आणि त्या क्षणी पिवळट मोठा आणि त्याला लागून नारिंगी धाकटा, असे दोन ठिपके स्वच्छ सुटे दिसतात. मग पुन्हा सगळं कालवतं. तेवढा क्षण पुरतो. बरोबरच्या प्रत्येकाला निदान पाच मिनिटं सलग बघू द्या, "दिसलं का? आता मी" अशा घाईत कोणालाच दिसत नाही.

९. प्रॉक्सिमाचं काय?

डोळ्यांनी शोधायच्या मागे लागू नका. प्रॉक्सिमा अकराव्या प्रतीचा, म्हणजे मुळातच लहान दुर्बिणीच्या आवाक्याच्या काठावरचा तारा. पुण्यातून तो नऊ अंशांच्याही खाली राहतो आणि हवेत आणखी मंद होतो. १९१५ मध्ये जोहान्सबर्गहून रॉबर्ट इनिस यांनी तो शोधला, तोही छायाचित्रांच्या काचा ताडून. २०१६ मध्ये त्याच्याभोवती ११.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह असल्याचं जाहीर झालं.

तो मित्रापासून आकाशात फक्त दोन अंशांवर आहे. द्विनेत्रीच्या एका दृष्टिक्षेत्रात मित्र मधोमध धरलात की प्रॉक्सिमाही त्याच वर्तुळात असतो. मुलांना एवढं सांगितलं की ती द्विनेत्री सोडत नाहीत.

फोटोत पकडायचा असेल तर तिपाई, मोठी लेन्स, ताऱ्यांच्या मागे फिरणारी बैठक आणि सोबत जाणकार हवा. त्यासाठी पुण्यापेक्षा आणखी दक्षिणेला, कोल्हापूरच्याही पुढे, समुद्राकाठी मोकळं दक्षिण क्षितिज शोधा. नुसत्या फोनने मित्र-मित्रक-त्रिशंकू एकत्र टिपायचे असतील तर फोन भिंतीवर किंवा तिपाईवर घट्ट बसवा, रात्रीच्या मोडमध्ये दहा सेकंदांचा फोटो घ्या आणि चौकटीत खाली थोडी जमीन येऊ द्या. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच गच्चीतून तारा कुठे शोधायचा याची खूण तयार राहते.